अर्धी कमान

वेस्टरहुसे, जटलंड
९ फेब्रुवारी २००३

सुन्नेवाबाईंना, बोडिलकडून.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या भावाची शेजारीण. हेदिनच्या आणि माझ्या घरामध्ये एक कुंपण आहे, तेही नाताळच्या वादळात आडवं झालं आणि अजून कोणी उभं केलेलं नाही. मी बंदरावर मासे कापते. शाळा सातवीपर्यंत, आणि त्यातलाही निम्मा वेळ मास्तरांनी मला दाराबाहेर उभं केलं होतं, तेव्हा अक्षराला हसू नका. तुमचा पत्ता हेदिनच्या नाताळच्या पार्सलवरून उतरवून घेतला. त्याला यातलं काही माहीत नाही आणि माहीत होऊ द्यायचं नाही.

काम असं आहे. १२ एप्रिलला हेदिन आणि विगोचं तांब्याचं लग्न आहे. तुमच्या बेटांवर हे करतात की नाही ठाऊक नाही, म्हणून सांगते. पंचवीस वर्षं झाली की चांदीचं, त्याच्या निम्म्यावर तांब्याचं. चांदीला आळीतले लोक पहाटे, नवरा-बायको झोपेत असताना, त्यांच्या दाराभोवती हिरव्या फांद्यांची कमान बांधतात. तुमच्याकडे झाडंच नाहीत असं हेदिन सांगतो. नाताळात घरात आणतात त्या सुईसारख्या पानांच्या झाडाच्या फांद्या. तांब्याला अर्धी कमान. अर्धी म्हणजे खरोखर अर्धी, एका अंगाने चढते आणि दारावर मधेच तुटते. दिसते वेडीच. उरलेली पुढे, जगलात-वाचलात तर. मग सगळ्यांनी दाराशी गायचं, त्या दोघांनी डोळे चोळत बाहेर येऊन दचकल्याचं सोंग करायचं, आणि सगळ्यांना आत घेऊन कॉफी, पाव, कडू दारूचा एकेक घोट. पाव आदल्या दिवशीच भाजून ठेवलेले असतात. दचकतात कसले!

कमान बांधून घेणं हे लगतच्या शेजाऱ्याचं काम, म्हणजे माझं. नातेवाइकांना गुपचूप बोलावणं हेही माझंच. विगोला कोणी उरलेलं नाही. हेदिनला तुम्ही आणि आई. तो तुमच्याबद्दल फार बोलत नाही. विचारलं की म्हणतो, "समुद्र मोठा आहे गं." समुद्र मला माहीत आहे, माझा बाप त्यातच राहिला. पण त्याच्यावरून बोटी जातात.

आळीत थोडी कुरकुर आहे. समोरचा क्रेस्टेन मिशनवाला आहे, म्हणजे चर्चमधल्या कर्मठ मंडळींतला, तो मान हलवतो, पण तो हवा चांगली असली तरी मान हलवतो. तुम्ही दोघी येऊन दाराशी उभ्या राहिलात की कोणाला तोंड उघडायला जागा राहणार नाही. झोपायची सोय माझ्याकडे. फोन नको, मला फोनवर बोलता येत नाही, मी ओरडते.

बोडिल

*

हाम्राविक, फेरो बेटं
२१ फेब्रुवारी २००३

बोडिलबाई,

तुमचं पत्र मिळालं. तुमचा हेतू वाईट नसावा असं मी धरून चालते.

माझ्या भावाचं लग्न झालेलं नाही. डेन्मार्कमध्ये त्याने नगरभवनात जाऊन एका पुरुषाबरोबर एका कागदावर सही केली आहे हे मला माहीत आहे. त्यानेच तेव्हा कळवलं होतं. तो कायदा आमच्या बेटांवर लागू नाही. डेन्मार्कची राणी तीच आमचीही, पण तो कायदा समुद्र ओलांडून आलेला नाही, आणि इथल्या बहुतेकांना तो यायला नको आहे. हेदिन इथे उतरला की तो अविवाहित असतो. म्हणून तो उतरत नाही.

माझे यजमान मिकियाल आमच्या प्रार्थनेच्या सभाघरात वडीलधाऱ्यांमध्ये बसतात. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि दर रविवारी त्याच सभाघरात पुढच्या बाकावर बसते. हेदिनबद्दल कोणी विचारलं तर आम्ही सांगतो, तो जहाजावर असतो. एवढी वर्षं कोणी जहाजावर नसतं हे विचारणाऱ्यालाही कळतं. तो पुन्हा विचारत नाही. आमच्याकडे असं चालतं आणि त्यात कोणाला लागत नाही.

आमची पोस्टातली बाई मिकियालची आत्या आहे. तिने तुमचं पाकीट माझ्या हातात देताना दोनदा उलटंसुलटं केलं. कृपा करून पुन्हा लिहू नका.

त्याचा खोकला कसा आहे?

सुन्नेवा

*

वेस्टरहुसे
१ मार्च २००३

सुन्नेवा,

"तुम्ही" संपलं. ज्या बाईला भावाची लाज वाटते तिला मी अहो-जाहो करत नाही.

त्यात कोणाला लागत नाही म्हणे! तो दर शरदात शेडमध्ये मेंढीच्या तंगड्या टांगतो, तुमच्यासारख्या, न शिजवता, वाऱ्यावर सुकवायला. अख्ख्या आळीला वास. पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं, शेडमध्ये काहीतरी मरून पडलंय. विगो नाक धरून आत जातो आणि त्याच्यासाठी कापून आणतो, कारण हेदिनचा हात गोठलेल्या जाळ्यात सापडल्यापासून नीट मिटत नाही. हे तुला माहीत होतं? नव्हतं. मला माहीत आहे, आणि मी त्याची कोणी नाही.

मागे मी हॉस्पिटलात होते तर विगो रोज माझ्या हाराल्डला जेवायला बोलवायचा. हाराल्ड माझा नवरा, त्याला अंडं उकडता येत नाही. विगो आणि तो शाळेत एका बाकावरचे, पोरं असल्यापासून एका बोटीवर. गावात कोणाची होडी फुटली की विगोकडे आणतात. त्याने क्रेस्टेनची होडी दोनदा दुरुस्त केली, आणि क्रेस्टेन त्यात बसून बुडाला नाही, म्हणजे देवालाही चाललं असणार.

आणि ऐक. इथे आमची अख्खी आळी पहाटे त्याच्या दारी उभी राहणार आहे. क्रेस्टेनसकट. त्याची योहान्नेसुद्धा, आणि ती त्याची बायको तर मिशनमध्ये वाद्य वाजवते. आम्हीही चर्चला जातो. आमचाही देव तोच आहे. आम्ही कोणाला जहाजावर पाठवून देत नाही. तुमच्याकडे झाडं उगवत नाहीत, माणुसकीही उगवत नसेल.

खोकला आहे. तंबाखू सोडत नाही.

बोडिल

*

हाम्राविक
१४ मार्च २००३

बोडिलबाई,

तुमचं पत्र पोस्टातल्या आत्याने माझ्याऐवजी आईच्या हातात दिलं. चुकून नसावं.

मी संध्याकाळी गेले तेव्हा आई चष्मा लावून बसली होती आणि पत्र टेबलावर उघडं होतं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "त्याचा हात जाळ्यात सापडला होता. आपल्याला कळवलं नाही." मग म्हणाली, "बस. मला बाकीचं माहीत आहे. मी त्याची आई आहे."

मी विचारलं, माहीत होतं तर कधी बोलली का नाहीस? ती म्हणाली, "माहीत असणं ही घरातली गोष्ट. लोकांसमोर उभं राहणं ही बाहेरची. मी एकटी कधी उभी राहिलेली नाही गं कुठेच. लग्नात बाप शेजारी होता, तुझे वडील गेले तेव्हा सगळं गाव शेजारी होतं."

पुढचं ती सांगते आहे आणि मी लिहिते आहे:

"बोडिल, तू लिहितेस की अख्खी आळी उभी राहणार, मिशनची माणसंसुद्धा. हे खरं असेल तर मी येईन. मी शूर बाई नाही. तिथे माझ्या हेदिनच्या दारात लोक उभे असतील तर त्यांच्यात मला उभं राहता येईल. नुसतं आम्हा म्हाताऱ्यांसारखं मागे. मला खरं काय ते कळव. आणि माझ्या मुलीला लाज वाटते असं म्हणू नकोस. तिला भीती वाटते. ती मीच तिला शिकवली. तुझी एल्स्पा."

एवढंच. मी अजून मिकियालला सांगितलेलं नाही.

सुन्नेवा

*

वेस्टरहुसे
१८ मार्च २००३

सुन्नेवा आणि एल्स्पाआजी,

आजी, खरं म्हणजे काय, मी लिहिलं तेच खरं. या. बोटीचं तिकीट काढा. मी हान्स्टहोल्मच्या धक्क्यावर येईन, निळा कोट, तोंड लाल, ओळखाल.

सगळी तयारी चालू आहे. फांद्या कुठून आणायच्या ते ठरतंय. कॉड माशाचे दिवस आहेत, माणसं दमलेली असतात, म्हणून बैठक अजून झाली नाही, पुढच्या आठवड्यात माझ्याच स्वयंपाकघरात होईल. हाराल्डची कंबर धरली आहे, तेव्हा खांब कोण उभा करणार ते बघायचं आहे. पण ते बघू. आळीत चाळीस हात आहेत. योहान्नेला विचारलं गाणं कोणतं म्हणायचं, ती म्हणाली, "बघू." ती नेहमीच आधी बघू म्हणते.

सुन्नेवा, माणुसकीबद्दल जे लिहिलं ते जरा जास्त झालं. मी मासे कापता कापता लिहिते तसं असतं माझं.

आजी, तुम्हाला मागे उभं करणार नाही. पुढे उभं करू.

बोडिल

*

हाम्राविक
२७ मार्च २००३

प्रिय बोडिल,

आईने तिकीट काढलं. एकच. मी येत नाही आहे. मिकियाल म्हणाला, "तुझ्या आईला मी अडवू शकत नाही. तुला अडवू शकतो."

पण तुला सांगायचं वेगळंच आहे. गेल्या रविवारी सभाघरात, प्रार्थनेला काही विषय आहे का असं विचारतात तेव्हा, आई उठली. आमच्याकडे बायका सहसा उठत नाहीत. ती पुढच्या बाकाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या प्रवासासाठी प्रार्थना करा. माझ्या हेदिनच्या तांब्याच्या लग्नाला चालले आहे. तो जहाजावर नाही. तो विगो नावाच्या माणसाबरोबर राहतो, साडेबारा वर्षं, आणि डेन्मार्कच्या कायद्याने ते लग्नाचे आहेत."

मग तिने तुझं पत्र काढलं, बोडिल. चष्मा लावला आणि वाचलं. "क्रेस्टेनसकट. त्याची योहान्नेसुद्धा. आमचाही देव तोच आहे." वाचून म्हणाली, "तिकडची मिशनची माणसं दारात उभी राहून गाणार आहेत. आपण त्यांच्याहून जास्त देवाचे आहोत का?"

कोणी प्रार्थना केली नाही. पुढचं स्तोत्र सुरू झालं.

आता आईकडे कोणी येत नाही. दुकानात लोक तिच्यापासून लांब सरकतात, गर्दीतही. मिकियालला बैठकीत मागे बसायला सांगितलं. तो जेवताना माझ्याशी बोलत नाही. आई मात्र खिडकीत बसून विणते आहे. दोन स्वेटर, एका नक्षीचे. विचारते, विगो अंगाने केवढा?

मला तुझा राग आला होता. आता वाटतं, तुझ्यासारखं एक माणूस आमच्या गावात असतं तर हेदिन गेलाच नसता.

तुझी
सुन्नेवा

*

वेस्टरहुसे
२ एप्रिल २००३

सुन्नेवा,

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. आधी तू वाच.

बैठक काल झाली. माझ्या स्वयंपाकघरात. सगळे आले, कारण मी केक केला होता. कोणी कामाचं बोलेना. मग मीच म्हटलं, "फांद्या कोण आणणार?" क्रेस्टेनने कप खाली ठेवला. म्हणाला, "कमान लग्नाला असते. कागदाला नसते. हेदिन-विगोशी माझं वैर नाही. मी त्यांच्या मयताला जाईन. पण कमानीला हात लावला तर मी म्हणतो की हे लग्न आहे, आणि ते मी म्हणू शकत नाही."

बाकीच्यांना हेच हवं होतं, कोणीतरी म्हणायला. एकाला त्या सकाळी जाळी ओढायची होती. एकीची सून बाळंत होणार होती. मग माझा हाराल्ड, विगोच्या बाकावरचा, बशीकडे बघत म्हणाला, "लोकांना नको असेल तर जबरदस्ती कशाला?"

मग योहान्ने माझ्याकडे वळली. "बोडिल, तू काय म्हणतेस?"

सुन्नेवा, मी आयुष्यात कधी गप्प बसलेली नाही. मास्तरांसमोर नाही, शेडच्या मुकादमासमोर नाही, पाद्रीबाबांसमोर नाही. काल मी तोंडात मिठाची गुळणी धरली. उठले आणि सगळ्यांना आणखी कॉफी ओतली.

का, तर ते लिहिते, मग माझ्या तोंडावर थुंक. पुढच्या वर्षी माझ्या आणि हाराल्डच्या लग्नाला पंचवीस होतात. अख्खी कमान. लग्न झाल्यापासून मी दुसऱ्यांच्या दाराला बांधत आले, फांद्यांचे काटे बोटात घेत. माझ्या मनात आलं, आज यांच्याशी भांडले तर पुढच्या वर्षी माझं दार उघडं राहील. एवढंच. दुसरं कारण नाही. देव नाही, कायदा नाही. माझं दार.

आणि तुझ्या आईने माझं पत्र सभाघरात वाचलं. तुझं ते पत्र परवापासून माझ्या ॲप्रनच्या खिशात होतं, बैठकीतही होतं. मला सगळं माहीत असताना मी कॉफी ओतली.

आईला सांग, येऊ नको. किंवा सांग, ये, पण कोणी नसेल. काय ते तू ठरव, मला आता ठरवायचा हक्क नाही. विगो अंगाने हाराल्डएवढा आहे, म्हणजे दाराएवढा.

बोडिल

*

हाम्राविक
९ एप्रिल २००३

बोडिल,

तुझं पत्र आज आलं. आई काल गेली. मी तिला बोटीपर्यंत सोडलं आणि ती कठड्याशी उभी होती, हात हलवत नव्हती, दोन्ही हातांनी पिशवी धरली होती.

मी तुला फोन केला. तुझ्या नवऱ्याने उचलला. मी काही न बोलता ठेवून दिला.

हे पोचेल तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं असेल. तरी लिहिते. तू कॉफी ओतलीस ते मी समजू शकते. तेच मला सहन होत नाही.

सुन्नेवा

*

वेस्टरहुसे
१५ एप्रिल २००३

सुन्नेवा,

तुझं पत्र आज आलं. जसं झालं तसं लिहिते. मधे स्वतःला बरी दाखवणार नाही.

आई गुरुवारी उतरली. धक्क्यावर मी एकटी. ती माझ्या मागे बघत राहिली, आणखी कोणी येतंय का. मी म्हटलं, "सगळे कामावर आहेत." पुन्हा खोटं. घरी हाराल्डने उठून तिला आपली खुर्ची दिली, "बसा आजी," म्हणाला आणि मग जेवणभर कोणाकडे बघितलं नाही. हेदिनला आडव्या कुंपणापलीकडे आई आहे याचा पत्ता नव्हता. शुक्रवारी दिवसभर ती माझ्या खिडकीत पडद्याआड बसून होती. तो सायकलवरून गेला तेव्हा म्हणाली, "जाड झाला."

शनिवारी पहाटे मी तिला उठवलं. हाराल्ड आधीच उठून जाळ्यांच्या शेडमध्ये निघून गेला होता, आणि फांद्या न्यायचा ट्रेलरही घेऊन गेला होता. फांद्या मी आदल्या दिवशी तोडून आणल्या होत्या. आता त्या ढकलगाडीत भरल्या, निम्म्या बाहेर, आणि ओढत निघाले. वाटेत थांबले. म्हटलं, "आजी, कोणी येणार नाही. मी खोटं लिहिलं."

"कोणीच नाही?"

"मी आहे."

ती म्हणाली, "तू असशील हे मला माहीत होतं. मी बाकीच्यांसाठी आले होते."

मला वाटलं आता ती मागे वळेल. ती वळली नाही. म्हणाली, "इतक्या लांब आले आहे. उचल फांद्या."

एकटीने खांब उभा राहीना. एक टोक धरलं की दुसरं निसटतं. ढकलगाडी कलंडली आणि सगळ्या फांद्या रस्त्यापासून दारापर्यंत पसरल्या. मी गुडघ्यावर बसून सुतळी शोधत होते. आजी रविवारचा काळा पोशाख घालून, काळी शाल घेऊन दारासमोर उभी. तिने विचारलं, "आता गायचं असतं ना?" मी म्हटलं, हो. तिला आमची लग्नाची गाणी कुठली यायला? तिने तुमच्या सभाघरातलं जुनं स्तोत्र सुरू केलं. तुम्ही म्हणता तसं, वल्हं मारल्यासारखं, एकेक शब्द ओढत. एकटी. आवाज पातळ होता पण थरथरला नाही.

तुला आमची दुसरी रीत माहीत नसेल. आमच्याकडे घरातून प्रेत निघायचं असतं तेव्हाही दारापासून रस्त्यापर्यंत त्याच फांद्या अंथरतात.

योहान्नेने खिडकीतून पाहिलं. फांद्या अंथरलेल्या, काळ्या पोशाखातली म्हातारी, मयताचं वाटणारं स्तोत्र, आणि मी जमिनीवर बसलेली. तिने घरोघरी फोन लावले. क्रेस्टेनने झेंडा अर्ध्यावर चढवला. आणि सुन्नेवा, सगळे आले. ज्याला जाळी ओढायची होती तो आला. जिची सून बाळंत होणार होती ती आली. काळे कोट घालून, टोप्या हातात घेऊन. हाराल्ड शेडमधून पळत आला, कंबर धरलेली असताना. तो रडत होता. मी त्याला त्याच्या आईच्या वेळीही रडताना पाहिलं नाही. माझा दंड धरून म्हणाला, "कोण गं? दोघांतलं कोण?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

तेवढ्यात दार उघडलं. विगो पुढे, झोपेतल्या चड्डीवर कोट चढवलेला. त्याच्यामागे हेदिन, मोजे घालून. विगोने सगळे काळे कोट बघितले आणि विचारलं, "कोण गेलं?"

क्रेस्टेन म्हणाला, "आम्हाला वाटलं, तुमच्यातलं कोणीतरी."

"कॉफी घेतल्याशिवाय मी कुठे जात नाही," विगो म्हणाला. मागे कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं.

हेदिन हसत नव्हता. तो आईकडे बघत होता. म्हणाला, "कशी आलीस?"

ती म्हणाली, "बोटीने."

त्यांनी एकमेकांना हात लावला नाही. तसेच उभे राहिले. मग क्रेस्टेन टोपी घालायला लागला, आणि बाकीचेही पाय मागे घेऊ लागले, बाजारात चुकीच्या दुकानात शिरल्यासारखे. तेव्हा तुझी आई वळली. मागे उभी राहणारी बाई! ती क्रेस्टेनला म्हणाली, "तुम्ही मयताला आलात?"

"हो बाई."

"आणि माझा मुलगा जिवंत आहे म्हणून परत चाललात?"

त्याचे कान लाल झाले. कोणाला कुठे बघावं कळेना. मी तर जमिनीवरच होते, तिथेच बरं होतं. मग योहान्ने वाकली आणि माझ्या हातातून सुतळी घेतली. हाराल्डने खांब धरला. काळ्या कोटांनी कमान बांधली, अर्धी, वाकडी. सगळे थांबले असं समजू नकोस. दोन घरं निघून गेली. क्रेस्टेन गेला. त्याने झेंडा उतरवला. आनंदाला चढवतात तसा वर नाही चढवला, उतरवला. योहान्ने आमच्यात राहिली, कॉफी प्यायली, हातातला कप फिरवत राहिली. विगोने पाव आदल्या दिवशी भाजून ठेवले होते, सुन्नेवा. भरपूर. सगळ्या आळीला पुरतील एवढे. म्हणजे ते दोघं वाट बघत होते.

मी हेदिनला सगळं सांगितलं, बैठक, कॉफी, माझं दार. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "मला माहीत होतं कोणी येणार नाही. पाव विगोने भाजले. मी त्याला अडवलं नाही." एवढंच. त्याने मला माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही. माझ्या ताटात लोणी वाढलं त्याने, तेही सगळ्यांना वाढतो तसंच.

काल आई मला म्हणाली, "मी घरी जाऊन सभाघरात सांगेन. अख्खी आळी आली होती. मिशनची माणसंसुद्धा. टोप्या काढून दारात उभी होती."

मी म्हटलं, "आजी, तसं नको."

ती म्हणाली, "यातलं खोटं काय ते सांग."

खोटं काहीच नाही. म्हणून मला त्या दिवसापासून रस्त्याने मान वर करून चालता येत नाही. मेल्याचा निरोप गेला तर आम्ही पावरोटी अर्धी टाकून धावलो. हाराल्डला मी सांगितलं, पुढच्या वर्षी माझ्या दाराला काही बांधायचं नाही. तो म्हणाला, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, तेच ऐकत बसलो म्हणून तर हे झालं.

आई आणखी पंधरा दिवस राहते आहे, पलीकडे, त्यांच्याकडे. मग बोटीने निघेल. आता तुझं काम. तू धक्क्यावर जा. मिकियालला विचारत बसू नकोस. मी लोकांना विचारत बसले त्याचं काय झालं ते तू वाचलंस. पोस्टातली आत्या असो, सभाघर असो, तू पुढे उभी राहा, आणि आणखी एखादं माणूस मिळालं तर त्याला ओढून ने. एकटी असलीस तरी जा. पण ती उतरताना आधी तुझ्या मागे बघेल, कोण कोण आलंय ते. तेव्हा तिला खोटं सांगू नकोस.

बोडिल